आशाताई मनाबद्दल का विचारतात? गावातल्या मानसोपचारामागचं संशोधन, सोप्या भाषेत

गेल्या काही वर्षांत आशाताईंच्या हातात एक लांबलचक फॉर्म आला आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाला त्या विचारतात, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर-बीपी आहे का. लोक हे सगळं निमूट सांगतात. शेवटाकडे दोन प्रश्न येतात आणि तिथे बोलणं अडतं. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही, मन लागत नाही, असं किती दिवस झालं? उदास, हताश किती दिवस वाटलं? यवतमाळ-अमरावतीकडे यावर बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "आमच्या मनाचं काय विचारता, सोयाबीनले भाव नाही त्याचं विचारा."

हे उत्तर चुकीचं नाही, त्याकडे पुढे येऊच. पण हे दोन प्रश्नही उगाच आलेले नाहीत. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत गेली वीस-बावीस वर्षं चाललेलं संशोधन त्यांच्यामागे आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा तुकडा आपल्या अमरावती जिल्ह्यातलाच आहे.

दोन प्रश्नांत काय मोजतात

प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं आहेत. एकही दिवस नाही म्हटलं तर ०, काही दिवस म्हटलं तर १, निम्म्याहून जास्त दिवस असेल तर २ आणि जवळपास रोज असेल तर ३. दोन्हींची बेरीज जास्तीत जास्त ६ होते. साधारणपणे बेरीज ३ किंवा त्याहून जास्त झाली तर पुढची नीट तपासणी करायची, एवढाच त्याचा अर्थ. "तुम्हाला मानसिक आजार आहे" असा निकाल या फॉर्मवर लागत नाही. पुढे उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) किंवा पीएचसीचे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर नऊ प्रश्नांची यादी घेतात. त्यात झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधी वाटणं आणि मरणाचे विचार हे सगळं येतं.

या तपासणीतून ज्या आजाराचा शोध घ्यायचा, त्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. पीक गेलं म्हणून चार दिवस जेवण न जाणं म्हणजे नैराश्य नव्हे. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली राहतं किंवा कशातच रस उरत नाही, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, विचार यांतल्या बऱ्याच गोष्टी बिघडतात, तेव्हा तो आजार धरतात.

आपल्याकडे तो क्वचितच "मी उदास आहे" असं म्हणत दवाखान्यात येतो. डोकं जड आहे, अंगात ताकद नाही, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, रात्री दोनला जाग येते ती येतेच, अशा तक्रारी घेऊन माणूस येतो. मग सलाइन लागतं, ताकदीची सुई दिली जाते, दुखणं थांबवायच्या गोळ्या मिळतात. दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. पैसे जातात आणि मूळ दुखण्याला कुणी हात लावत नाही. दोन प्रश्न विचारण्याचं पहिलं कारण हेच.

आजारी किती, डॉक्टर किती

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात १०.६ टक्के प्रौढांना पाहणीच्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता. नैराश्य असलेल्या दर शंभरांतल्या सुमारे ८५ जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. (हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. विदर्भावर एवढी चर्चा होत असताना ही उणीव खटकते.)

सगळ्या जगाचं चित्र असंच आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २१ देशांच्या अभ्यासानुसार नैराश्य असलेल्यांपैकी किमान पुरेसा उपचार श्रीमंत देशांत पाचांत एकाला मिळत होता, तर गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत सत्तावीसांत एकाला.

भारतात लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा भरत नाही. साधारण ०.७५ हा आकडा नेहमी सांगितला जातो, आणि जे आहेत ते शहरांत आहेत. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ चं, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून विदर्भात एवढी एक मोठी सरकारी जागा. धारणीच्या माणसाला परतवाड्यामार्गे अमरावती गाठायलाच सकाळ जाते. त्यात रोजी बुडते, सोबतच्या माणसाचीही बुडते. एका खेपेत काम होत नाही, आठ-दहा खेपा लागतात. तज्ज्ञ वाढवायला हवेतच, पण मेडिकल कॉलेजातून ते तयार होऊन गावाजवळ पोहोचायला पिढी जाईल. तोवर काय करायचं, या प्रश्नातून पुढचं सगळं संशोधन निघालं.

कामाची वाटणी

बोलण्यातून करायच्या उपचाराचे असे तुकडे पाडता येतील का, की तज्ज्ञ नसलेला पण नीट शिकवलेला माणूस तो देऊ शकेल? संशोधक याला कामाची वाटणी म्हणतात. गुंतागुंतीचे रुग्ण, औषधांचा निर्णय आणि देखरेख हे काम तज्ज्ञाकडे राहतं. बाकीच्या ठरलेल्या पायऱ्या गावातली प्रशिक्षित व्यक्ती चालवते.

हे जमतं की नाही, हे पाहायला चाचण्या झाल्या. त्यांत चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबाने दोन गट करायचे, एकाला नवा उपचार द्यायचा, दुसऱ्याला नेहमीची सेवा द्यायची आणि काही महिन्यांनी दोन्ही गट मोजायचे. युगांडाच्या खेड्यांत २००३ मध्ये गटाने बसून बोलण्याचा उपचार असा तपासला गेला आणि तो लागू पडला. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात आपल्या आशाताईंसारख्या लेडी हेल्थ वर्कर आहेत. त्यांनी नैराश्य असलेल्या गरोदर बायकांच्या घरी जाऊन ठरलेल्या पद्धतीने सोळा भेटी दिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटात २३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. हा अभ्यास २००८ चा. झिम्बाब्वेत हरारे शहराच्या दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाकावर बसून वयस्कर आरोग्य सेविका लोकांशी सहा बैठकांत बोलत. २०१६ च्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी नैराश्याची लक्षणं बाकावर आलेल्यांत सुमारे १४ टक्के लोकांत राहिली, नेहमीच्या सेवेत सुमारे ५० टक्के लोकांत.

आपल्याला सर्वांत जवळची चाचणी गोव्याची. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांना घेतलं. निम्म्यांना सहा ते आठ बैठका मिळाल्या. त्या देणारे मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, साधे स्थानिक लोक होते. तीन आठवडे वर्ग आणि मग कित्येक महिने देखरेखीखाली सराव, एवढं त्यांचं शिक्षण. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले.

या ३९ टक्क्यांकडे लक्ष द्या. काही माणसं विशेष उपचाराशिवायही सावरतात. म्हणूनच "अमुक बाबांकडे गेलो आणि बरा झालो" यावरून काही ठरवता येत नाही, तुलनेचा गट लागतो.

बैठकीत नेमकं काय होतं

गोव्याच्या उपचाराचा गाभा असा. नैराश्यात माणूस हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. पारावर जाणं थांबतं, शेताची चक्कर बंद होते, नातेवाइकांचा फोन उचलला जात नाही. जेवढं सोडतो तेवढं बरं वाटण्याचं निमित्त कमी होतं, म्हणून मन आणखी खाली जातं, म्हणून आणखी सोडतो. आपण त्याला म्हणतो, "मन लागलं की कामाला लाग." उपचार उलट दिशेने जातो. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की मोटर कितीही फिरवा, पाणी चढत नाही. आधी वरून बादलीभर पाणी ओतावं लागतं, मग पंप स्वतः ओढायला लागतो. इथेही इच्छेची वाट न पाहता आधी छोटी कृती ओतायची, इच्छा मागून येते.

समजा, पन्नाशीतले एक काकाजी आहेत. चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. महिनाभरापासून खाटेवरून उठत नाहीत. दुसऱ्या बैठकीतलं बोलणं साधारण असं चालतं.

"काकाजी, काल सकाळपासून काय काय केलं ते सांगा."

"काय करतो मी? खाटेवरच होतो."

"चहा?"

"चहा घेतला. मंग बैलाले पाणी पाजलं. पुन्हा पडलो."

"बैलाले पाणी पाजलं तवा मन कसं होतं? शून्य म्हणजे एकदम वाईट, दहा म्हणजे चांगलं."

"...तीन-चार असंन."

"आणि खाटेवर पडून होते तवा?"

"तवा काय, शून्यच."

हा तीन आणि शून्यातला फरक काकाजींच्याच तोंडून निघाला, हे महत्त्वाचं. तो एका कागदावर लिहायचा. आडवे सात दिवस, उभे तीन रकाने: सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक चौकटीत काय केलं आणि मन किती होतं ते भरायचं. लिहिता येत नसेल तर घरातलं मूल लिहितं किंवा खुणा करतात. पुढच्या आठवड्याचं काम त्यातूनच ठरतं: रोज सकाळी बैलाला पाणी आणि त्यानंतर बांधावरून पंधरा मिनिटांची चक्कर. बस, एवढंच.

बैठक इथे अनेकदा फसते. उत्साहाच्या भरात "उद्यापासून निंदणाला जा" असं मोठं काम दिलं की ते होत नाही, आणि "हेही जमलं नाही" ही भावना वाढते. दुसरी नेहमीची चूक उपदेशाची. "टेन्शन घेऊ नका", "तुमच्याहून वाईट दिवस लोकांनी काढले", असली वाक्यं आली की समोरचा माणूस मिटतो. तिसरी चूक म्हणजे घरच्यांना न सांगणं. बायकोला या कागदाचा अर्थ कळला नाही, तर चक्कर मारायला निघालेल्या नवऱ्याला ती म्हणते, "फिराले जाता, मग कामाले काहून नाही?" एका वाक्यात आठवडा वाया.

तिसऱ्या-चौथ्या बैठकीपासून अडचणी सोडवण्याचं काम सुरू होतं. सगळ्या अडचणी मांडायच्या आणि आपल्या हातातल्या व हाताबाहेरच्या वेगळ्या करायच्या. पावसाचा खंड हाताबाहेरचा. पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज पडून राहिला असेल, तर तो हातातला. त्यातली एकच अडचण निवडायची: कोणती कागदपत्रं लागतील, बँकेत कोणत्या वारी जायचं, सोबत कोण येणार. तारीख पडली पाहिजे, नाहीतर ते नुसतं बोलणं राहतं. शेवटच्या बैठकीत पुन्हा घसरण सुरू झाल्याची पहिली खूण कोणती आणि तेव्हा कुणाला सांगायचं, हे लिहून ठेवतात. ठरलेल्या बैठकांनंतरही फरक पडला नाही, तर माणसाला तज्ज्ञाकडे पाठवायचं.

अमरावतीत काय आढळलं

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम चालला. विदर्भातला ताण आणि आरोग्य यावरच तो आखला होता. त्याची रचना तीन थरांची होती. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या छोट्या बैठका घेत, ताणाबद्दल बोलत, त्रासातली माणसं ओळखत. त्यांच्यावर प्रशिक्षित समुपदेशक होते आणि त्याही वर मानसोपचारतज्ज्ञ.

कार्यक्रमाआधी आणि १८ महिन्यांनी घरोघरी पाहणी झाली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक उपचारासाठी कुणाकडे तरी गेले होते, नंतर २७.२ टक्के. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. वर्षभरात आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ साली लॅन्सेट सायकिअ‍ॅट्रीत छापून आले.

यात एक उणीव आहे आणि ती लपवू नये. तुलनेला कार्यक्रम नसलेली गावं नव्हती. पाऊस चांगला झाला, भाव बरा मिळाला, तरी असे आकडे थोडे सुधारू शकतात. पण उपचाराला जाणारे सहापट होणं हे पावसाने घडत नाही.

याच काळात मध्य प्रदेशातल्या सिहोर जिल्ह्यात दुसरा प्रयोग झाला. तिथे भर होता आरोग्य केंद्रांवर: डॉक्टरांना प्रशिक्षण, तपासणी, केंद्रातच उपचार. पण गावातल्या एकूण नैराश्यग्रस्तांपैकी उपचाराला पोहोचणाऱ्यांचं प्रमाण फारसं हललं नाही. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की मला तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. दवाखान्यात खुर्ची मांडून भागत नाही. "हे दुखणं आहे आणि याला इलाज आहे" असं उंबरठ्यावर येऊन सांगणारं कुणीतरी गावातलंच लागतं.

आघात म्हणजे काय, आणि पहिल्या दिवसांत काय करू नये

नैराश्याच्या शेजारी दुसरा विषय येतो, आघाताचा. जिवावर बेतलेली किंवा जीव हादरवणारी घटना: घरात आत्महत्या, शेतात वीज पडून मृत्यू, ब्रह्मपुरीकडे वाघाचा हल्ला, सततची मारहाण, बलात्कार. जगभरच्या पाहण्यांत सुमारे ७० टक्के लोकांच्या आयुष्यात अशी एखादी घटना येते, पण आघातानंतरचा दीर्घ आजार, ज्याला पीटीएसडी म्हणतात, तो सुमारे ३.९ टक्के लोकांनाच होतो. पहिल्या काही आठवड्यांत झोप उडणं, दचकणं, प्रसंग डोळ्यांपुढे येणं हे बहुतेकांना होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. महिन्यानंतरही तो प्रसंग आत्ता घडतोय असा पुन्हा पुन्हा जाणवत राहिला, त्या जागेकडे जाणंच टाळलं, अंग सदा सावध राहिलं आणि घरकाम-शेतकाम अडलं, तर तो आजार समजून उपचार घ्यायचा.

पहिल्या दिवसांत काय करावं, याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं साधं आहे: बघा, ऐका, जोडून द्या. बघा म्हणजे कुणाला इजा आहे, कोण एकटं पडलंय, लहान मूल कुणाजवळ आहे. ऐका म्हणजे तो माणूस जेवढं सांगेल तेवढंच, खोदून विचारायचं नाही. जोडून द्या म्हणजे नातेवाईक, रेशन, दवाखाना, तहसील, ज्याची गरज आहे तिथपर्यंत पोहोचवा.

दोन गोष्टी मात्र टाळायच्या आणि दोन्ही आपल्याकडे सर्रास होतात. पहिली, त्याच दिवशी बसवून सगळा प्रसंग पहिल्यापासून वदवून घेणं. "रडून मोकळी हो" यामागचा हेतू चांगला असतो. पण एका बैठकीत प्रसंग वदवून घेण्याच्या पद्धतीवर बरेच अभ्यास झाले. तिचा फायदा दिसला नाही आणि काही ठिकाणी त्रास वाढलेलाच दिसला. दुसरी, झोपेच्या गोळ्या आणि सुया. अशा घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांवर या जातीची औषधं देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं आहे. सवय लागते, आणि सावरण्याला मदत होत नाही.

याच ओघात एक सांगायलाच हवं. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण पात्र ठरावं लागतं. त्यासाठी पोलीस, तलाठी, तहसील, समिती, आणि वर बातमीदार. प्रत्येक ठिकाणी मागे राहिलेल्या त्याच्या बायकोला तोच दिवस पुन्हा सांगावा लागतो. चौकशी लागणारच, पण जबाब एकदाच नीट लिहून पुढच्यांनी तो वाचावा, बाईला सोबत माणूस असू द्यावा, मुलांसमोर विचारू नये, एवढं तरी खात्याला पैसे न लागता करता येण्याजोगं आहे.

महिन्यानंतरही आजार राहिला तर गावपातळीवर उपचार होतो का? काँगोमध्ये लैंगिक हिंसेतून वाचलेल्या ४०५ बायकांवर झालेला अभ्यास २०१३ चा आहे. तिथल्या स्थानिक कार्यकर्त्या शाळेपर्यंतच शिकलेल्या होत्या. त्यांनी गटात बसवून अनुभवाबद्दलचे विचार टप्प्याटप्प्याने तपासायची पद्धत चालवली. सहा महिन्यांनी त्या गटात ९ टक्के बायकांना नैराश्य किंवा तीव्र चिंता होती, नुसता आधार मिळालेल्यांत ४२ टक्के. मात्र हा उपचार दोन दिवसांच्या शिबिरावर कुणी करू नये. आघातावरचं काम अर्धवट सोडलं तर जखम उघडी राहते.

"हे पैशाचं दुखणं आहे, मनाचं नाही"

आता सोयाबीनच्या भावाकडे. हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि संशोधनही त्याच्या बाजूला बरंच उभं आहे. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट पैसे देण्याची योजना टप्प्याटप्प्याने लागू झाली. जिथे ती पोहोचली तिथे आत्महत्या सुमारे १८ टक्क्यांनी घटल्या. गरिबीने नैराश्य वाढतं हे सिद्ध आहे. नैराश्याने कमाई घटते, हेही सिद्ध आहे. तेव्हा भाव, पीकविमा, कर्ज यांचे प्रश्न समुपदेशनाने झाकता कामा नयेत. सरकारला भाव द्यायचा नसेल म्हणून ते समुपदेशक पाठवत असेल, तर लोकांनी रागावणं रास्तच आहे.

पण दुसरी बाजूही मोजलेली आहे. गोव्यातल्या चाचण्यांतल्या लोकांना चार-पाच वर्षांनी पुन्हा भेटून पाहिलं, तेव्हा बैठका मिळालेल्यांत नैराश्याची शक्यता ११ टक्क्यांच्या फरकाने कमी होती. उत्पन्नात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही. म्हणजे बैठकांनी कर्ज फिटत नाही. कर्ज अंगावर असताना माणूस उठून उभा राहतो, अर्ज करतो, मुलांशी बोलतो, एवढं होतं. ज्याच्या घरी असा माणूस आहे, त्याला हे किती मोठं आहे ते सांगावं लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन गुजरातच्या मेहसाण्यात पसरलेल्या आत्मीयता या उपक्रमाने दोन्ही धागे एकत्र घेतले. गावातलेच स्वयंसेवक समुपदेशनही करतात आणि निराधार पेन्शनसारख्या योजनांचे अर्जही भरून देतात. विदर्भाला हीच वाट जास्त मानवेल, असं मला वाटतं.

"हे परदेशी खूळ आहे"

पीटीएसडी हे निदान अमेरिकेच्या निदानपुस्तकात १९८० साली आलं, व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. ते सगळ्या जगावर तसंच्या तसं बसवू नये, असं डेरेक समरफील्ड यांच्यासारख्या मानसोपचारतज्ज्ञांनी ठामपणे लिहिलं आहे. त्यात तथ्य आहे. म्हणूनच चांगल्या कार्यक्रमांत आधी लोकांचे शब्द गोळा करतात आणि मग प्रश्न बनवतात. इथे "जीव घाबरते", "डोक्यात तेच तेच येते", "टेन्शन" हेच शब्द चालतील. "देवऋष्याकडे नेलं तर?" असंही विचारतात. मारहाण, साखळी, उपास घडत नसेल आणि औषध सुरू राहत असेल, तर त्यावरून भांडत बसू नये.

"गावभर बोभाटा होईल"

ही भीती खरी आहे, कारण आशाताई गावातलीच सून असते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, पण पारावर कायदा चालत नाही. उपाय व्यवहारी असावा. बोलणं घराच्या ओसरीवर नको, उपकेंद्राच्या आतल्या खोलीत हवं. कागदावर नावाऐवजी क्रमांक असावा. जवळच्या नात्यातल्या माणसाला दुसऱ्या गावची कार्यकर्ती द्यावी. आणि तुमच्या जिवाला किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका वाटला तर मात्र मी वरती सांगेन, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं.

हे कुठे फसतं

चाचणीत चाललेलं गावात का बंद पडतं, याचं पहिलं उत्तर आहे देखरेख. गोव्यात समुपदेशक बैठकांची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकत आणि ठरलेल्या मापावर एकमेकांना गुण देत. या गुणांचा तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी मेळ बसला. म्हणजे दर आठवड्याला तज्ज्ञ येण्याचीही गरज नाही, पण दर आठवड्याला बसायची मात्र आहे. सरकारी राबवणुकीत प्रशिक्षण होतं, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो आणि ही साप्ताहिक बैठक कुणाच्याच वेळापत्रकात नसते. सहा महिन्यांत बैठकीचं रूपांतर "कसं आहे, बरं आहे" यात होतं.

शेजारणींकडून छोटी आवृत्ती चालवली तर? तेही करून पाहिलं. रावळपिंडीत आयांसाठीचा तोच कार्यक्रम साध्या शेजारणींनी चालवला, तेव्हा सहा महिन्यांच्या मुख्य मोजणीत ठळक फरक दिसला नाही. किती पातळ केलं की गुण जातो, याला सीमा आहे.

दुसरी अडचण आशाताईंच्या कामाची. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं, ऑनलाइन नोंदी, आणि मोबदला कामागणिक. त्यात दर आठवड्याला पाऊण तासाच्या बैठका विनामोबदला टाकल्या तर त्या होणार नाहीत आणि होऊ नयेत. तिचं काम ओळखणं आणि पाठपुरावा, बैठका वेगळ्या पगारी समुपदेशकाकडे, ही अमरावतीची विभागणी जास्त टिकाऊ आहे.

तिसरी, औषध. तीव्र नैराश्यात गोळ्या लागतात. त्या झोपेच्या नसतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही साधारण ९ ते १२ महिने चालू ठेवायच्या असतात. पहिल्या दहा दिवसांत मळमळ होते, गुण दिसत नाही, आणि लोक इथेच सोडतात. हे आधी सांगितलं नाही तर औषध फुकट गेलं. केंद्रात साठा संपला तर रुग्ण मेडिकलमधून झोपेची गोळी घेतो आणि वेगळंच लचांड मागे लागतं.

कुणी मरणाचं बोलत असेल तर

सरळ विचारा: "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका, रात्री तर मुळीच नाही. फवारणीची औषधं त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याच्या ताब्यात ठेवा. घरातच कुलपात ठेवणं पुरेसं नाही. श्रीलंकेत ५० हजारांहून जास्त घरांना कुलपाच्या पेट्या देऊन पाहिलं, फरक पडला नाही. तिथे सर्वांत घातक कीटकनाशकांवर १९९५ पासून बंदी येत गेली, त्यानंतरच्या दोन दशकांत आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आलं. ते काम सरकारचं. घरचं काम साठा हलवण्याचं.

मग टेलि-मानसचा १४४१६ लावा. ऑक्टोबर २०२२ पासूनची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलतात. प्रयत्न झालेला असेल तर पोलीस केसच्या भीतीने दवाखाना लांबवू नका. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणात असल्याचं धरून उपचाराचा हक्क दिला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच उरलेलं नाही.

ग्रामसभेत पीएचसीचे डॉक्टर किंवा सीएचओ येतील, तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न असे. दोन प्रश्नांत बेरीज ३ किंवा त्याहून जास्त आलेले आपल्या गावात किती, आणि त्यांतल्या किती जणांची पुढची तपासणी झाली? बैठका कोण देतं आणि त्यांची देखरेख कोणत्या वारी होते? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक आपल्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून कोणत्या तारखेला येतं? आणि नैराश्याच्या गोळ्यांचा आज किती दिवसांचा साठा आहे?